चाळिशीनंतर सवयी सुधारून हृदयाला कितीसा फायदा होतो?

धागाकर्ता : शंकेखोर

‘सुरुवात कधीही करा, उशीर झालेला नसतो.’ हृदयविकाराचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं, आणि त्यावर शंका घेणं जरा उद्धटपणाचं वाटतं. तरी घेतो.

माझं म्हणणं असं : तुमचा धोका आज तुम्ही काय खाता, किती चालता यावर कमी आणि गेल्या वीस-तीस वर्षांत काय केलंत यावर जास्त ठरतो. पन्नाशीत सुधारलेल्याला थोडाफार लाभ होतो, नाही असं नाही. पण ‘चार सवयी बदला, धोका निम्म्यावर आणा’ ही निव्वळ जाहिरातबाजी आहे.

कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय २२. त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयधमन्यांत रोगाच्या खुणा सापडल्या. यांतल्या कुणाला छातीत दुखत नव्हतं, धाप लागत नव्हती, उलट लष्कराने धडधाकट म्हणून निवडलेली ही मुलं. सुरुवात विशीत होते आणि बातमी पन्नाशीत कळते, असा हा आजार आहे.

दुसरा पुरावा जनुकांचा. पीसीएसके-९ या जनुकातल्या काही बदलांमुळे काही जणांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, जन्मापासूनच कमी असतं. २००६ सालच्या अमेरिकन अभ्यासात असा बदल असलेल्या कृष्णवर्णीयांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी होतं, आणि हृदयधमनीविकाराचा धोका तब्बल ८८ टक्क्यांनी कमी. गोऱ्यांमधल्या एका सौम्य बदलात एलडीएल १५ टक्क्यांनीच कमी, तरी धोका ४७ टक्क्यांनी कमी. आता औषध घ्या. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने एलडीएल डेसिलिटरमागे साधारण ३९ मिलिग्रॅम उतरवलं तर चार-पाच वर्षांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात वगैरे मोठ्या घटना सुमारे २२ टक्क्यांनी घटतात. तेवढीच घट जन्मापासून मिळाली असेल तर जनुकीय अभ्यासांनुसार धोका निम्म्याहून खाली जातो. कोलेस्टेरॉल तेच, फरक फक्त वर्षांचा. कर्जावरच्या व्याजासारखं आहे हे : मुद्दल फेडायला पन्नाशीत घेतलंत म्हणून तोवर चढलेलं व्याज कुणी माफ करत नाही.

मग सगळा उपदेश पन्नाशीवाल्यांना का? जोर विशी-तिशीवाल्यांवर का नको? मतं येऊ द्या.

पायवाट

व्याज माफ होतं की! निदान सिगारेटच्या बाबतीत तरी.

रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा अभ्यास सुरू केला. पन्नास वर्षांचा हिशेब २००४ साली बाहेर आला. साठीत सिगारेट सोडणाऱ्याला सरासरी ३ वर्षांचं आयुष्य परत मिळतं, पन्नाशीत सोडणाऱ्याला ६, चाळिशीत ९ आणि तिशीत १०. तुम्ही हे वाचून म्हणाल, बघा, लवकर सोडलेलं बरं. मला त्यात तिशी आणि चाळिशीतला फरक दिसतो. एक वर्ष! चाळिशीपर्यंत ओढत राहिलेल्या माणसालाही जवळजवळ सगळं परत मिळतंय.

कारणही साधं आहे. सिगारेट धमनी हळूहळू खराब करते हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं तात्काळ असतं : रक्तातल्या प्लेटलेट चिकट होतात, गुठळी पटकन धरते, कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूची जागा अडवतो. धूर थांबला की हा भाग लगेच ओसरायला लागतो. झटका येतो तो बहुतेकदा गुठळीने धमनी अचानक बंद झाल्यामुळे. धमनीतला जुना थर तसाच राहिला आणि त्यावर गुठळी धरण्याची शक्यता घटली, तरी माणूस वाचला ना?

शंकेखोर

@पायवाट, डॉक्टरांच्या अभ्यासातली वर्षं सगळ्या कारणांच्या मृत्यूंवरून काढलेली आहेत. फुप्फुसाचा कर्करोग वगैरे सगळं त्यात आलं. आपला विषय हृदय आहे.

हृदयाचंच बोलायचं तर फ्रेमिंगहॅम या अमेरिकन गावातल्या लोकांच्या वर्षानुवर्षं चाललेल्या हृदय-अभ्यासाच्या माहितीवरचा २०१९ सालचा शोधनिबंध बघा. रोज एक पाकीट या हिशेबाने वीस वर्षं किंवा त्याहून जास्त ओढलेल्यांचा हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका, सोडल्यावर पाच वर्षांच्या आत ओढतच राहिलेल्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी दिसला. हे वाक्य सगळीकडे छापून आलं. त्याच निबंधातलं पुढचं मात्र कुणी छापत नाही : कधीच न ओढलेल्यांच्या पातळीवर यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, कदाचित पंचवीसही.

पायवाट

पण कधीच न ओढलेल्याशी तुलना करायचीच कशाला? ज्याने वीस वर्षं ओढली त्याला तो पर्याय आता उपलब्ध नाही. आज रात्री त्याच्या हातात दोनच गोष्टी आहेत, ओढत राहणं किंवा सोडणं. या दोहोंत ३९ टक्क्यांचा फरक पडत असेल आणि तरी तुम्ही ‘थोडाफार लाभ’ म्हणत असाल तर भरपूर लाभ कशाला म्हणायचं ते एकदा सांगा.

हिशेबी

शंकेखोर टक्क्यांत बोलतायत, माणसं मोजत नाहीयेत.

समजा (आकडे निव्वळ उदाहरणादाखल) तिशीतल्या हजार जणांपैकी पुढच्या दहा वर्षांत ५ जणांना झटका येणार आहे आणि साठीतल्या हजारांपैकी १०० जणांना. तरुणांचा धोका तुम्ही निम्म्याने कमी केलात, तर दहा वर्षांत दोन-तीन माणसं वाचली. म्हाताऱ्यांचा नुसता पाचव्या हिश्शाने कमी केलात, तर वीस वाचली. पन्नाशी-साठीवाल्यांना उपदेश का, याचं उत्तर इथे आहे.

आता याची दुसरी बाजूही मीच सांगतो. दहा वर्षांची खिडकी धरली की तरुण माणूस कायमच सुरक्षित दिसतो. रक्तदाब वाढलेला, सिगारेट चालू, वय ३२, आणि धोका मोजणारं गणनयंत्र म्हणतं धोका किरकोळ. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ साली ‘प्रिव्हेंट’ नावाची नवी समीकरणं आणली तेव्हा ३० ते ५९ वयाच्या लोकांसाठी दहा वर्षांसोबत तीस वर्षांचा धोकाही मोजायची सोय केली. तीस वर्षांचा आकडा पाहिल्यावर तोच माणूस इतका निश्चिंत राहणार नाही.

उलटतपासणी

दोन्ही बाजू निरीक्षणात्मक अभ्यासांवर, म्हणजे लोक आपापल्या मर्जीने जगतात त्याच्या नुसत्या नोंदींवर, फारच विसंबल्यात. सवयी बदलणारा माणूस आणि न बदलणारा माणूस यांत फक्त सवयींचा फरक नसतो. बदलणाऱ्याकडे बहुधा वेळ असतो, पैसा असतो, घरची साथ असते, तो औषधं वेळेवर घेतो. उलटही होतं, आजारी पडायला लागलेला माणूस व्यायाम सोडतो आणि आपण म्हणतो व्यायाम सोडला म्हणून आजारी पडला.

उदाहरण देतो. ४५ ते ६४ वयोगटातल्या १५,७०८ अमेरिकनांवरचा २००७ सालचा अभ्यास. भरपूर फळं-भाज्या, नियमित व्यायाम, आटोक्यातलं वजन, धूम्रपान नाही, अशा चारही सवयी ज्यांनी मधल्या वयात नव्याने लावून घेतल्या त्यांच्यात पुढच्या चार वर्षांत हृदयविकार सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळला. चार वर्षांत! आकडा ऐकून आनंद होतो, पण असं नव्याने करणारे होते जेमतेम ८ टक्के. ही माणसं इतरांसारखीच असतील यावर माझा विश्वास नाही.

चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग हवा असेल तर ‘लुक अहेड’ आहे. मधुमेह असलेले ५,१४५ जाडे लोक, एका गटाला वजन उतरवण्याचं कसून मार्गदर्शन. साधारण साडेनऊ वर्षांनी, २०१२ साली, प्रयोग थांबवला. हृदयविकाराच्या घटनांत फरक नाही. शंकेखोर, हा पुरावा तुम्ही द्यायला हवा होता.

संथ

@उलटतपासणी, ‘लुक अहेड’मध्ये पहिल्या वर्षी वजन चांगलं उतरलं, मग बरंचसं परत आलं. शिवाय दुसऱ्या गटालाही रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची औषधं मिळत होतीच. त्यातून ‘सवयी निरुपयोगी’ असं निघत नाही. फार तर ‘इतपत बदल, इतकी वर्षं, औषधांच्या वर : पुरेसा नाही’ एवढंच निघतं.

तिथे थांबून निकाल लावायचा नसेल तर चीनमधल्या दाचिंगचा प्रयोग बघा. १९८६ साली सुरू झाला, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५७७ लोक. आहार, व्यायाम किंवा दोन्ही, सहा वर्षं. नंतर मार्गदर्शन बंद. वीस वर्षांनी मोजलं तेव्हा हृदयविकाराच्या घटनांत ठोस म्हणावा असा फरक नव्हता. तुमच्यासारखा कुणी तेव्हा फाईल बंद करून मोकळा झाला असता. तीस वर्षांचे निष्कर्ष २०१९ साली आले : हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराच्या घटना २६ टक्क्यांनी कमी, त्यांमुळे होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी. मधुमेह सरासरी चारेक वर्षं पुढे ढकलला गेला होता.

हाही चिठ्ठ्या टाकूनच केलेला प्रयोग, आणि यातली माणसं विशीतली नव्हती.

शंकेखोर

संथ, दाचिंगने माझाच मुद्दा पुढे नेला. फळ दिसायला तीस वर्षं लागली. पंचेचाळिशीत सुरू केलं तर पंचाहत्तरीत. वेळ हाच मुख्य घटक, हेच तर मी म्हणतोय.

रात्रपाळी

मी रुग्णांचे रक्तदाब घेण्याचं काम करते. वयावरून इतका वाद चाललाय, पण ‘सवय बदलली’ म्हणजे नेमकं काय हे कुणी विचारलंच नाही.

समोरचा सांगतो, ‘सिस्टर, सिगारेट सोडली.’ जरा खोदून विचारलं की कळतं, विसाच्या दोन झाल्यात. त्याच्या लेखी धोका नव्वद टक्के गेला. पण २०१८ सालच्या एका मोठ्या विश्लेषणात, रोज एकच ओढणाऱ्यालाही वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याचा जवळपास निम्मा धोका असल्याचं दिसलं. कमी करणं आणि सोडणं यांत हृदयाच्या दृष्टीने फार अंतर आहे. हे सांगितलं की माणसं दुखावतात, कारण कमी करायलाही त्यांना कष्ट पडलेले असतात.

रक्तदाबाचंही तसंच. जिना चढून येतात, पायावर पाय टाकून बसतात, पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच बांधू देतात, मशीन फुगत असताना बोलत राहतात. आकडा येतो १५२. पाच मिनिटं गप्प बसवून, पाय जमिनीवर टेकवून, उघड्या दंडावर परत घेतला की १३८. मग मागच्या महिन्यात चालायला लागल्यामुळे दाब उतरला की आज नीट बसल्यामुळे, हे कोण सांगणार? घरी सवयींचा परिणाम मोजत असाल तर दर वेळी एकाच पद्धतीने मोजा, नाहीतर उगाच खूश व्हाल नाहीतर उगाच खचाल.

आणि शंकेखोरांना एक. तरुणांवर जोर द्या म्हणता, तर तरुणांचं काय होतं तेही पाहा. १९८५-८६ साली अमेरिकेत १८ ते ३० वयाच्या पाच हजारांवर लोकांचा ‘कार्डिया’ अभ्यास सुरू झाला. वीस वर्षांनी पाहिलं तर चाळीसेक टक्के लोकांच्या चांगल्या सवयी आधीपेक्षा कमी झाल्या होत्या. विशीत लावलेलं वळण विशीतच सुटतं, हे मला रोज दिसतं.

संथ

त्याच अभ्यासाचं पुढचं वाक्य : सवयी जितक्या सुधारल्या तितकी हृदयधमनीत कॅल्शियम साठण्याची (ही धमनीरोगाची खूण) शक्यता घटली, आणि जितक्या बिघडल्या तितकी वाढली. दोन्ही दिशांनी. म्हणजे विशीतली पुण्याईही कायमची नाही आणि पापही नाही.

अवांतर : उशिराला मर्यादा आहे हे मीही मान्य करतो. २०१८ साली डॅलसमध्ये बेंजामिन लेव्हिन यांच्या गटाने ४५ ते ६४ वयाच्या बैठ्या लोकांकडून दोन वर्षं आठवड्याला चार-पाच दिवस व्यायाम करून घेतला. ताठर होत चाललेला हृदयाचा डावा कप्पा पुन्हा लवचीक झाला, प्राणवायू वापरण्याची क्षमता १८ टक्क्यांनी वाढली. त्याच गटाने आधी सत्तरीच्या आसपासच्या लोकांवर वर्षभर प्रयोग केला होता, तेव्हा कप्प्याचा ताठरपणा हलला नव्हता. म्हणजे दार कधीतरी बंद होतं, पण पन्नाशीत नव्हे.

शंकेखोर

या कप्प्यावर मी अडून बसणार नाही. धमन्यांतल्या थराबद्दलचं माझं मत मात्र तसंच आहे, आणि तरुणांच्या सवयी टिकत नाहीत हे त्यांच्यावर जास्त जोर देण्याचं कारण आहे, कमी देण्याचं नव्हे.

उलटतपासणी

टिकण्याचा प्रश्न निघालाच आहे तर मला पटलेला एक प्रयोग. चीनमधलीच ६०० गावं, सुमारे २१,००० लोक, सरासरी वय ६५, बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला. निम्म्या गावांत नेहमीचं मीठ काढून ज्यात पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड आहे असं मीठ दिलं. उपदेश नाममात्र. २०२१ साली निष्कर्ष : पाचेक वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी, मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. वय ६५, चिठ्ठ्या टाकून, पाचच वर्षांत. व्याजवाल्या सिद्धांतात हे कुठे बसवायचं?

शंकेखोर

ही सवय बदलली कुठे? डब्यातलं मीठ बदललं. शिवाय ते रक्तदाबाचं काम आहे. दाब आज उतरला की पक्षाघाताचा धोका लवकर उतरतो, हे मला आधीपासून मान्य आहे. कोलेस्टेरॉलचं बोला.

रात्रपाळी

वाचून कुणी लगेच पोटॅशियमचं मीठ आणायला निघण्याआधी : मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर त्याने रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना त्या प्रयोगात घेतलंच नव्हतं. चालू असलेल्या गोळ्या दाखवून डॉक्टरांना विचारा, मग डबा बदला.