लाथ मारणारी श्वेतकपिला, ठेवायची की विकायची?

सत्तरीकर: वाळपईला आमच्याकडे श्वेतकपिला, म्हणजे गोव्याची पांढरी गावठी गाय आहे, दुसरं वेत (दुसऱ्यांदा व्यायलीय), दूध दोन-अडीच लिटर म्हणजे घरापुरतं ठीकच, पण धार काढायला बसलं की लाथ ठरलेली, फक्त आईलाच काय तो पान्हा सोडते, आणि वर भरवली तरी परत परत उलटतेय, म्हणजे गाभण राहत नाही. काय करू?

पेडण्याची वहिनी: आधी कासेचे सड बघा हो, चीर असेल किंवा कास गरम असेल तर कुठलीही गाय लाथ मारणारच. वासरू आधी पाजा, मग तिच्या तोंडाशी बांधा, ती चाटत राहते तेवढ्यात धार काढून घ्या. पाय बांधू नका, आणखी बिथरते.

गोठेवाला: भरवायची वेळ चुकत असणार. माज साधारण 21 दिवसांनी येतो, गावठी गाय फार ओरडत नाही, काचेसारखा सोट (मागून येणारा चिकट स्राव) लोंबताना दिसला की समजायचं. सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तरी उलटली तर गर्भाशय तपासून घ्या. आणि जर्सीचं वीर्य नको हां, जुन्या गोव्याच्या आयसीएआरवाल्यांना (केंद्राची शेती संशोधन संस्था) विचारा, या जातीवर त्यांनी काम केलंय.

सत्तरीकर: मागच्या डाव्या सडाला चीर आहे खरी, उद्याच डॉक्टरला बोलावतो. वळूचं मात्र कठीण, गावात सगळे जर्सीवालेच.