विषय: वेलहुसच्या (नॉर्वेतल्या वस्तीच्या सामायिक हॉलच्या) स्वयंपाकघरातला प्लग (पाडव्याआधी ठरवायचंय)

शुभदा (खाद्यसमिती):

नमस्कार मंडळी,

हॉलच्या बाईंचा फोन आला होता. संक्रांतीला झालं ते पाडव्याला पुन्हा झालं तर किल्ली मिळणार नाही, असं त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं. तेव्हा खाद्यसमितीतर्फे स्पष्ट सांगते: स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर सोडून कुणीही गाडी चार्जिंगला लावायची नाही. ऐन हळदीकुंकवात फ्यूज उडाला, मसालेभात कोमट, चहाची किटली थंड, आणि फ्यूजबॉक्सच्या खोलीची किल्ली कुणाकडे हे शोधण्यात अर्धा तास गेला. कोणाची गाडी होती ते सगळ्यांना माहीत आहे, नाव घेत नाही.

राहुल (हामार):

नाव घ्या ना ताई, माझीच होती.

आम्ही एकशेवीस किलोमीटरवरून येतो. त्या दिवशी निघताना उणे अठरा होतं. गाडी जुनी, बॅटरी लहान, पोचेपर्यंत दहा-बारा टक्के उरले. येताना वाटेतल्या जलद चार्जरवर थांबलो, तर तिथे आठ खांब सीसीएसचे (नव्या गाड्यांचा जलद प्लग) आणि चाडेमोचा (माझ्या जुन्या गाडीचा) एकच, त्यावर टॅक्सी. पोरं मागे भुकेने रडत होती. आता विचारतो: हॉलच्या पार्किंगमध्ये टाइप टूच्या (साध्या, हळू चार्जिंगच्या) दोन पेट्या आहेत, त्यावर दिवसभर कुणाच्या गाड्या होत्या? ज्यांची घरं हॉलपासून चालत दहा मिनिटांवर आहेत त्यांच्या! त्यातली एक कार्यकारिणीतली आहे. मी नाव घेत नाही.

मिलिंद:

वाद बाजूला ठेवून थोडा हिशोब. भिंतीतल्या साध्या प्लगमधून गाडी दहा अँपिअर ओढते, म्हणजे 2.3 किलोवॅट. किटली दोन किलोवॅटची. दोन्ही एकाच लाइनवर, आणि ती लाइन सोळा अँपिअरची, म्हणजे साडेतीन किलोवॅटच्या जरा वर. फ्यूज उडणारच होता.

आणि मिळालं काय? चार तास लावली असती तरी नऊ युनिटं. त्यातलं काही बॅटरी गरम करण्यात आणि चार्जरमध्ये जातं. थंडीत अशी गाडी शंभर किलोमीटरला बावीस-पंचवीस युनिटं खाते. म्हणजे पस्तीस किलोमीटर. हामार सोडा, वाटेतलं एइड्सवोलसुद्धा गाठलं नसतं.

फ्यूजपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची जास्त भीती वाटली. वायरचं रीळ पुरतं उलगडलेलं नव्हतं, निम्मी वायर तशीच गुंडाळलेली. मी बंद करायला गेलो तेव्हा रिळाचं प्लास्टिक इस्त्रीसारखं तापलं होतं, आणि ते पडलं होतं कुठे, तर पडद्याखाली. डीएसबीवाले (इथलं नागरी सुरक्षा खातं) दरवर्षी हेच सांगतात की साधा प्लग आणि एक्स्टेन्शन ही गाडीची सोय नाही.

अण्णा:

म्हणून मी डिझेल सोडत नाही. मोटरवार्मर (इंजिन गरम ठेवणारा हीटर) लावला की सकाळी एका झटक्यात सुरू. दोन वर्षांपूर्वी हार्डांगरविड्ड्याच्या पठारावर वादळात रस्ता बंद झाला, बर्फाच्या नांगराच्या मागे कोलोनेत (गाड्यांच्या रांगेत) जायला तीन तास थांबलो. आमच्या पुढे एक बॅटरीवाला होता, बिचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

प्रशांत (स्टावांगर):

अण्णा, त्याचा चेहरा तुमच्या धुराने तसा झाला असेल. 🙂 उभ्या गाडीत आतली हवा उबदार ठेवायला तासाला दोन युनिटं धरा. पन्नास युनिटं शिल्लक असलेला माणूस रात्रभर बसू शकतो. घाटात चढताना आणि वेगात जाताना बॅटरी उतरते, थांबल्यावर नाही. एनएएफ (इथली वाहनचालकांची संघटना) दर हिवाळ्यात गाड्या पार बंद पडेपर्यंत चालवून बघते, आकडे वाचा. वीस-तीस टक्के रेंज कमी होते हे खरं, आणि ते धरूनच निघायचं असतं.

मी तेलाच्या धंद्यात आहे. आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये पेट्रोलची गाडी शोधावी लागते. 2024 मध्येच इथल्या नव्या गाड्यांत दर दहातल्या जवळपास नऊ बॅटरीवर होत्या. आपण तेल समुद्रातून काढतो, बाहेर विकतो, पैसा फंडात टाकतो, आणि स्वतः धरणाच्या विजेवर फिरतो. माझ्या सासऱ्यांना हे नाशिकला फोनवर समजावलं तर म्हणाले, म्हणजे हलवायाने मिठाई न खाण्यासारखं. बरं, 🙏 मी आता तुमच्या मंडळात नाही हे माहीत आहे, पण लिस्टवर आहे.

अण्णा:

प्रशांत, मी इथे आलो तेव्हा तू शाळेत होतास. 1989 साली आ-हा या पॉप बँडच्या दोघांनी आणि बेलोना या पर्यावरण संस्थेच्या माणसाने एक फियाट पांडा विजेवर करून आणली आणि टोल भरायला साफ नकार दिला. दंडाच्या पावत्या साठल्या की सरकार गाडी जप्त करून लिलावात काढायचं आणि हेच लोक ती परत विकत घ्यायचे. तेव्हा आम्ही हसायचो. आता टोल बॅटरीवाल्यांना सवलतीचा आणि मला पूर्ण. हसतंय कोण?

संदीप (खजिनदार):

राहुलने "कार्यकारिणीतली" म्हटलं ती गाडी माझी आहे. सकाळी सात वाजता हॉल उघडायला मी येतो, खुर्च्या मी लावतो, बर्फ मी काढतो. त्याला इथे दुग्नाद म्हणतात. त्याबदल्यात गाडी पेटीला लावून ठेवली, निघताना काच साफ आणि सीट गरम मिळाली, तर कुणाचं काय गेलं? शिवाय पेट्या हॉलच्या आहेत, मंडळाच्या नाहीत, आणि वीज भाड्यात धरलेली आहे.

राहुल (हामार):

काच साफ करायला पेटी लागत नाही हो, खरवडणी लागते. गाडी स्वतःच्या बॅटरीवरही आतून गरम होते, एक-दीड युनिटात. तुमच्या घरी तर नॉरगेसप्रिस (सरकारचा ठरीव वीजदर) आहे. ऑक्टोबर 2025 पासून पन्नास ओरेला (अर्ध्या क्रोनला) युनिट मिळतं आणि तुम्ही फुकटासाठी हॉलच्या पेटीवर दिवसभर?

संदीप (खजिनदार):

फुकटासाठी नाही. आणि उलट ऐका: नॉरगेसप्रिस घरांना आणि हिट्ट्यांना (सुट्टीतल्या केबिनना) आहे, हॉलला नाही. शिवाय हॉलच्या नेटलायमध्ये (वीजवाहिन्यांच्या भाड्यात) महिन्यातला सगळ्यात जड तास मोजतात. ओव्हन, किटल्या आणि दोन गाड्या एकाच तासात चालल्या तर त्या एका तासाचा भुर्दंड महिनाभर. बाईंचा फोन त्यासाठी आला असणार.

मिलिंद:

मग तुझी गाडी पण त्या तासात होतीच ना?

वर्षा:

मी फक्त उपाय सांगते. राहुलदादा, हॉलपासून सहा मिनिटांवर मॉलच्या मागे जलद चार्जर आहेत, दोनांना चाडेमो आहे, मी परवाच पाहिलं. नवे आहेत, म्हणजे कार्डही चालतं. जुलै 2023 नंतर उभारलेल्यांना तो नियमच आहे, ॲप उतरवत बसावं लागत नाही. पण आल्या आल्या लावा, जेवून झाल्यावर नाही. हायवेवरून आलेली बॅटरी जरा तरी गरम असते, चार तास उणे पंधरात उभी राहिली की तीच गाडी चार्जिंगला दुप्पट वेळ घेते. मुलांना आणि वहिनींना हॉलवर सोडा, मी त्यांना ताट वाढते.

स्नेहा:

चार्जरचं ठरलं असेल तर, पाडव्याला गुढी बाहेर की आत? मागच्या वर्षी तांब्या वाऱ्याने मिलिंदच्या बॉनेटवर पडला होता.

शुभदा (खाद्यसमिती):

स्नेहा, वेगळा विषय काढ.

ठरलं असं, आक्षेप असेल तर शुक्रवारपर्यंत:

स्वयंपाकघरातल्या प्लगांना मी टेप लावणार. दोन्ही पेट्या पन्नास किलोमीटरच्या पलीकडून येणाऱ्यांना. सात किलोवॅटच्या पेटीवर राहुलची गाडी चार तासांत घरी जाण्याइतकी भरते, मिलिंदने हिशोब केलाय. दोनपेक्षा जास्त गाड्या लांबून आल्या तर दुपारी दोनला अदलाबदल, आणि तेव्हा माइकवरून नंबर पुकारला की ऊठून जायचं, गाणं अर्धं असलं तरी. जेवण गरम होईपर्यंत, म्हणजे साडेबारा ते दीड, पेट्या बंद. संदीप, खुर्च्या लावण्याबद्दल मंडळ तुझं ऋणी आहे, गाडी घरी ठेव.

संदीप (खजिनदार):

ठीक. बर्फ पडला तर फावडंही घरी ठेवतो.

राहुल (हामार):

चालेल. ड्रामेनचे जोशी पंचेचाळीसवर येतात, त्यांचं काय?

शुभदा (खाद्यसमिती):

जोशींची गाडी नवी आहे, त्यांना लागत नाही. मी विचारलंय.

अण्णा:

माझा मोटरवार्मर फक्त पाचशे वॉटचा आहे. त्याला खिडकीतला प्लग चालेल का?

शुभदा (खाद्यसमिती):

नाही, अण्णा. पण आदल्या रात्री चक्का टांगायला या, बारा किलो दही आहे.