पी०१७१ आणि नानांची बॅटरीची वायर

वैशाली (१०२): ज्यांची राखाडी गाडी माझ्या खिडकीखाली उभी असते त्यांना नम्र विनंती. सकाळी सहाला ती रेस करणं थांबवा. घरभर पेट्रोलचा वास सुटतो. नाव घेत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे.

सुधीर (४०३): घ्या की नाव, वहिनी. राखाडी गाडी एकच आहे इथे. हौस म्हणून रेस करत नाही. थंड इंजिन स्लोवर बंद पडतं, म्हणून पाय ठेवून बसावं लागतं. इंजिनाचा पिवळा दिवा परत लागलाय.

वैशाली (१०२): परत? "काम झालं" असं तुम्हीच लिहिलं होतंत मागे. मी अंगठासुद्धा दिला होता.

नाना (२०१): बॅटरीची वायर काढ. दहा मिनिटांनी लाव. दिवा जातो.

सुधीर (४०३): गॅरेजवाल्याने गाडीच्या संगणकातला दोषाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला, पी०१७१ आला. म्हणाला ऑक्सिजन सेन्सर गेलाय. बदलला. थोडे दिवस बरे गेले. आता पुन्हा तोच पी०१७१.

अनघा (५०२): पी०१७१ म्हणजे सेन्सर गेला असं कुठे लिहिलंय? त्याचा अर्थ एवढाच की बँक १ वर, म्हणजे सिलिंडरांच्या पहिल्या रांगेत, मिश्रण लीन आहे, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. सेन्सर बिचारा तेच सांगत होता. निरोप आणणाऱ्यालाच हाकललंत.

ऋषी (३०४): 😂😂

जोशी काका (१०४): हसणाऱ्यांनी माझा स्कॅनर परत आणून दिला तर बरं होईल.

ऋषी (३०४): काका, उद्या नक्की.

जोशी काका (१०४): हे "उद्या" मी पाठ केलंय.

अनघा (५०२): सुधीर, दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय? आधी हे सांग. लुकलुकत असेल तर चालवू नकोस. मिसिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणं, एवढं असतं की न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि तो भाजून निघतो.

सुधीर (४०३): स्थिर आहे.

नाना (२०१): एवढ्या चर्चेत वायर काढून लावूनही झाली असती.

अनघा (५०२): नाना, वायर काढली की दिवा जातो, दोष राहतो. वर दोष आला त्या क्षणाची नोंद पुसली जाते: इंजिनाचे फेरे किती, ते किती गरम, लोड किती. फ्रीझ फ्रेम म्हणतात त्याला. तपासाचा तोच तर धागा. शिवाय गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात. तशीच प्रदूषण तपासणीला नेली आणि तिथे स्कॅनर लावला, तर "चाचण्या अपूर्ण" असं स्वच्छ दिसतं.

वैशाली (१०२): आणि नानांचा रेडिओ वायर काढल्यापासून कोड मागतोय, तो अजून मुकाच आहे. काकूंनी सांगितलं.

नाना (२०१): रेडिओचा इथे काय संबंध? आमच्या जुन्या गाडीला स्कॅनर लागतच नव्हता. दोन पिना जोडायच्या, दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं.

अनघा (५०२): ते खरं आहे. ओबीडी-२, म्हणजे दोष वाचायची सगळ्या गाड्यांना सारखी पद्धत, अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१पासून. त्याआधी प्रत्येक कंपनीचं तंत्र वेगळं. पण ते बघून ओबीडी-२च्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये कुणी तार घालू नका. १६ नंबरच्या पिनेवर थेट बॅटरीचा प्लस असतो.

सचिव: कृपया वैयक्तिक वाहनांची चर्चा वैयक्तिक संदेशात करावी. ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. 🙏

वैशाली (१०२): वास माझ्या बैठकीच्या खोलीत येतो, म्हणजे काम सोसायटीचंच झालं. गच्चीच्या चावीवर चार दिवस चर्चा चालली तेव्हा नियम कुठे होता?

सचिव: तो विषय संपलेला आहे.

वैशाली (१०२): तुमच्यासाठी.

सुधीर (४०३): अनघाताई, मिश्रणात पेट्रोल कमी आहे तर मग पेट्रोलचा वास कसा?

अनघा (५०२): चांगला प्रश्न. फार लीन झालं की ठिणगी पडूनही मिश्रण नीट पेटत नाही, आणि ते कच्चं पेट्रोल तसंच सायलेन्सरमधून बाहेर येतं. इंजिन थंड असताना संगणक ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही, त्यामुळे दुरुस्तीही करत नाही. म्हणून सकाळीच त्रास जास्त. वैशालीताईंची तक्रार गॅरेजच्या निदानापेक्षा उपयोगी आहे.

वैशाली (१०२): धन्यवाद. (हे कुणीतरी जपून ठेवा.)

नाना (२०१): वायर.

अनघा (५०२): कोड वाचणं अवघड नाही. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स. बी बॉडी, सी चॅसी, म्हणजे ब्रेक वगैरे, आणि यू म्हणजे संगणकांची आपसातली बोलणी. पुढचा आकडा ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांत सारखा, १ असेल तर कंपनीचा स्वतःचा. तिथे दुसऱ्या कंपनीची यादी बघून अर्थ लावू नये. त्याच्या पुढचा आकडा विभाग सांगतो. १ हवा-इंधन, ३ ठिणगी आणि मिसिंग, ४ धूर नियंत्रण, ७ गिअरबॉक्स. एवढं कळलं की कुठे बघायचं ते कळतं. काय बदलायचं हे कोड कधीच सांगत नाही.

सुधीर (४०३): मग बघू काय?

अनघा (५०२): स्कॅनरमध्ये लाइव्ह डेटा उघड, "लाँग टर्म फ्युएल ट्रिम" वाच. इंजिन गरम करून एकदा स्लोवर, एकदा २५०० फेऱ्यांवर. संगणक पेट्रोल किती टक्के वाढवून देतोय ते दिसेल.

सुधीर (४०३): काका, स्कॅनर मिळेल?

जोशी काका (१०४): ऋषीला विचारा. मी फक्त मालक आहे.

ऋषी (३०४): आणतोय खाली, दोन मिनिटं.

सुधीर (४०३): स्लोवर अधिक २३. २५०० वर अधिक ४.

अनघा (५०२): मग हवा चोरून आत शिरतेय. स्लोवर इंजिन हवा कमी ओढतं, त्यात गळतीचा वाटा मोठा पडतो. फेरे वाढले की तेवढीच गळती नगण्य. उलट असतं, म्हणजे जोर लावल्यावर आकडा वाढला असता, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर बघायला सांगितलं असतं. तुझ्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर आहे. त्याच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला शिरलेली हवा त्याच्या हिशेबात येतच नाही. रबरी पाइप तपास. जुन्या गाडीत उष्णतेने रबर कडक होऊन तडकतं.

ऋषी (३०४): क्लीनरचा स्प्रे मारून बघा दादा, गळती असेल तिथे आवाज बदलतो. व्हिडिओ आहे, टाकू?

अनघा (५०२): गरम इंजिनावर ज्वालाग्राही स्प्रे? तेही पार्किंगमध्ये? नको. गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट होते, पाइपांत धूर सोडून गळती शोधतात, ती करून घे. नाहीतर पाइप एकेक करून चिमटीत दाबून शॉर्ट टर्म ट्रिमचा, म्हणजे त्या क्षणाच्या वाढीचा, आकडा पडतो का बघ. पंख्यापासून हात लांब.

सचिव: पार्किंगमध्ये स्प्रे, आग, धूर यांपैकी काहीही करू नये. हा अधिकृत संदेश समजावा.

सुधीर (४०३): सापडलं! पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातली वाफ परत आत ओढणारा, कोपऱ्यातला वाकडा पाइप, खालून चिरलाय. वरून धडधाकट दिसतो. दाबला की सूंऽऽ आवाज बंद, आकडाही पडला.

वैशाली (१०२): त्या गॅरेजवाल्याला हे कान देऊन ऐकता आलं नाही?

सुधीर (४०३): त्यांनी बॉनेट उघडल्याचं मला तरी आठवत नाही. कोड वाचला, सेन्सर काढला.

नाना (२०१): पाइप बदल आणि मग बॅटरीची वायर काढ. दिवा जातो.

अनघा (५०२): आता स्कॅनरने पुसला तरी हरकत नाही, नाना, आकडे लिहून ठेवलेत. किंवा तसाच राहू दे. लागोपाठ तीनदा गाडी चालवताना दोष परत दिसला नाही तर दिवा आपोआप विझतो, कोड तेवढा काही काळ आठवणीत राहतो. ट्रिम दहाच्या आत आली का ते मात्र बघच.

ऋषी (३०४): अनघाताई, लगेहाथ विचारतो. माझ्या गाडीत यू०१०० येतोय.

अनघा (५०२): इंजिनाच्या संगणकाशी बाकीच्यांचं बोलणं तुटलंय. वायरिंग, अर्थिंग, फ्यूज, बॅटरीचा व्होल्टेज बघायचा. पण आधी स्कॅनर काकांना परत दे.

ऋषी (३०४): मग कोड वाचू कशाने?

जोशी काका (१०४): उद्या सांगतो.