तन्मणीचे पदर लोंबतात, तुटतात – नेमकं काय चुकतंय? (शिवाय दराचा प्रश्न)

मोगरकळी:
नमस्कार मंडळी. तन्मणी आणि नथी हाताने करून विकते, त्यात तीन अडचणी आहेत.

१) पाच पदरी तन्मणी, ३ मिमीचे गोड्या पाण्यातले मोती. नायलॉनच्या दोऱ्यात ओवलं की महिन्या-दोन महिन्यांत पदर लोंबतात, खोडाजवळ (मधल्या पदकाजवळ) दोरा उघडा दिसतो. रेशमात ओवलं तर लोंबत कमी, पण तुटतं. शेवटच्या गाठीवर सुपर ग्लूचा थेंब टाकते.
२) काचेच्या मोत्यांच्या नथीत तारेजवळचा मुलामा सोलतो.
३) एका तन्मणीला ३२० रुपयांचं सामान आणि अडीच तास लागतात. मी ९०० ला विकते. आता एक दुकान ३० टक्के कमिशनवर माल ठेवायला तयार आहे. दर किती सांगू?

गाठपदर:
आधी तुटलेले पदर टाकून देऊ नका. दोरा कुठे तुटला ते बघा, निम्मं उत्तर तिथेच असतं.

खोडाच्या कडीपाशी तुटला असेल तर दोष खोडाचा. ओतीव खोडाच्या कड्यांना आतून कंगोरा राहतो, तो रेशीम कापतो. कडीत कापसाचा धागा घालून चार-पाच वेळा मागेपुढे ओढा. तंतू अडकले तर सुई-कानशीने आतली कड गोल करून घ्या. शिवाय दोरा थेट धातूवर टेकवूच नका. कडीत येणाऱ्या भागावर फ्रेंच वायरचा ५-६ मिमी तुकडा चढवा. जरदोसीतल्या दबक्यासारखी बारीक, पोकळ गुंडाळी असते ती.

पदराच्या मध्ये तुटला असेल तर भोक आणि दोरा जुळत नाहीत. दोरा बारीक असला की मोती त्यावर वरखाली सरकतो आणि भोकाची कड करवतीसारखी चालते. दोरा भोकात भरून बसला पाहिजे. ३ मिमी मोत्याचं भोक साधारण ०.५ मिमी असतं, त्याला कार्डावर सुईसकट मिळणारं २ नंबरचं रेशीम (०.४५ मिमी) चालतं. मात्र टोकाच्या दोन-तीन मोत्यांतून दोरा परत फिरवावा लागतो, तिथे दोन दोरे मावत नाहीत. तेवढेच मोती हिऱ्याच्या कणांच्या रीमरने रुंद करा. मोती ओला ठेवून, हाताने, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं. कोरड्यात केलं तर कड टवके मारते, आणि ती भुकटी नाकात जाणंही वाईट.

नेहमी बाहेरचाच पदर तुटत असेल तर पाचही पदर सारख्या लांबीचे ओवले आहेत. मग आतले पदर चुरगळून बसतात आणि खोडाचं सगळं वजन बाहेरच्या पदरावर येतं. ३ मिमीचा पदर मानेभोवती शेजाऱ्याच्या बाहेरून फिरतो तेव्हा खोडाच्या एका बाजूला त्याला थोडी जास्त लांबी, म्हणजे काही मोती जास्त लागतात. मोजपट्टीवर आडवं ठेवून हे कळत नाही. बस्टवर (दागिना मांडायच्या मानेच्या पुतळ्यावर) लावून, खोड बोटाने किंचित खाली ओढा. पाचही पदर एकदम ताणले गेले पाहिजेत.

लोंबण्याचं म्हणाल तर नायलॉन वजनाने लांबत राहतो, आणि कालांतराने कडक, पिवळाही होतो. तो सोडाच. रेशीमही ताणतं, पण ते ओवायच्या आधीच ताणून घेता येतं. दोरा खुंटीला बांधून खाली २०० ग्रॅमचं वजन लावा आणि रात्रभर राहू द्या. ओवून झाल्यावर पदर उभा टांगून मोती खाली बसू द्या, मगच शेवटची गाठ. मात्र फार आवळूही नका. पदर काठीसारखा ताठ राहिला तर मोती एकमेकांवर घासतात.

३ मिमीला प्रत्येक मोत्यानंतर गाठ लागत नाही. ५-६ मिमीच्या एकपदरी माळेला मात्र गाठवाच, आणि मोती मोजताना गाठीची जागा धरा. ४० सेंमीची ६ मिमी मोत्यांची माळ नुसती ओवली तर ६६ मोती लागतात. गाठवली तर गाठीमागे साधारण ०.९ मिमी जातात, म्हणजे ५८ मोती पुरतात.

रेशीमगाठ:
वरच्याला पूर्ण अनुमोदन. सुपर ग्लू बंद करा. तो रेशमात झिरपतो आणि तेवढा भाग काचेसारखा ठिसूळ होतो. गाठ शाबूत राहते आणि तिच्या शेजारी तुटतं. सुईसारख्या तोंडाच्या ट्यूबमध्ये येणारं जीएस हायपो सिमेंट वापरा, सुकल्यावरही लवचीक राहतं. टाचणीच्या टोकाएवढा थेंब, रात्रभर वाळवणं, मग टोक कापणं.

नथीबद्दल. काचेच्या मोत्याचा मुलामा भोकाच्या कडेपासूनच सुटतो. विकत घेताना १० पट भिंगाखाली भोक बघा. कडेला मुलाम्याचा फुगवटा किंवा फाटका पापुद्रा दिसला तर ती लड घेऊ नका. दुसरं कारण तारेची जाडी. २८ गेज तार ०.३२ मिमी असते. एकाच मोत्यातून ती दोनदा नेली की ०.६४ मिमी जागा लागते, आणि भोक ०.५ चं असेल तर तुम्ही जोर लावून मुलामा खरवडता. दोनदा जायचं असेल तिथे ३० गेज (०.२५ मिमी) घ्या, नथीचा मुख्य आकडा जाड, २२ गेजचाच ठेवा.

मोगरकळी:
खोडाच्या कड्या तपासल्या, दोन कड्यांत धागा खरंच अडकला! दराचं कुणी सांगेल का?

हिशेबवही:
ताई, ९०० मध्ये मजुरी धरली आहे का ते आधी पाहू. सामान ३२०. फुटके, वाकड्या भोकाचे मोती जातात त्याचे १० टक्के, ३२. अडीच तास, ताशी १२० धरले तर ३००. डबी आणि पिशवी ४०. एकूण ६९२. त्यावर ३० टक्के नफा धरला की साधारण ९००. म्हणजे तुमचा दर बरोबर आहे, पण तो थेट विक्रीचा.

दुकानासाठी बहुतेक जण ९०० वर ३० टक्के चढवून ११७० सांगतात. दुकान कमिशन ११७० वर कापतं, हातात येतात ८१९. प्रत्येक नगामागे ८१ रुपये गेले. बरोबर रीत म्हणजे ९०० ला ०.७ ने भागणे: १२८६, सांगायचे १२९०. आणि घरून विकतानाही १२९० च सांगा. गिऱ्हाईक दोन्हीकडे विचारतं, तुमच्याकडे ९०० ला मिळालं तर दुकान माल परत पाठवेल.

दुकानाकडून तीन गोष्टी लेखी घ्या: नगांची यादी, पैसे किती दिवसांत, आणि शोकेसमध्ये खराब झालेल्या नगाची भरपाई कुणी करायची. तन्मणी महिनोन्‌महिने टांगून ठेवली तर रेशीम पुन्हा ताणतं, म्हणून आडवी मांडायला सांगा.

चिठ्ठीवर मोत्याचा प्रकार स्पष्ट लिहा: ‘गोड्या पाण्यातले कल्चर्ड’ (म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले) किंवा ‘काचेचे’. नुसतं ‘खरे मोती’ लिहू नका, बसऱ्याचा नैसर्गिक मोती माहीत असलेली आजी दुकानातच वाद घालेल, आणि तिचंच बरोबर असेल. त्याच चिठ्ठीवर: अत्तर आधी, मोती नंतर, वापरल्यावर मऊ ओलसर कापडाने पुसून सावलीत वाळवणे, लिंबू, व्हिनेगर, दागिने धुण्याचं रसायन नको, मोत्याचा थर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आम्लाने खरवडला जातो.

गाठपदर:
यात एक भर. रोज वापरातली माळ वर्षा-दीड वर्षाने पुन्हा गाठवावीच लागते, ते चिठ्ठीवरच लिहा आणि गाठवणावळही ठरवून टाका. ओवलेल्या प्रत्येक नगाचे चार-सहा मोती त्याच लडीतले बाजूला काढून, पुडीवर तारीख घालून ठेवा. पुढच्या लडीत रंगाची छटा जुळत नाही.