‘वाइल्ड-कॉट फिश’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: परदेशी मासळीबाजारांवरचा लेख मराठीत करतोय. ‘फ्रेश वाइल्ड-कॉट फिश’ (पाळलेले नव्हे, खुल्या पाण्यात पकडलेले ताजे मासे) पानोपानी येतं. ‘ताजे जंगली मासे’ लिहायला हात धजत नाही. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद १: ‘जंगली’ नकोच. युरोपीय संघाच्या २०१३ च्या नियमाप्रमाणे ताज्या मासळीच्या पाटीवर ती पकडलेली की संवर्धित (पाळलेली), कुठल्या सागरी क्षेत्रातली आणि कसल्या जाळ्यागळाने धरलेली हे लिहावं लागतं. तिथे नुसतं ‘पकडलेली’ पुरतं. जपानी पाट्यांवर ‘तेन्नेन’ म्हणजे नैसर्गिक आणि ‘योशोकू’ म्हणजे पाळलेली. गोठवून पुन्हा वितळवलेली असेल तर ‘काइतो’.

मला खरी अडचण ‘फ्रेश’ची वाटते. तिकडच्या व्यापारात फ्रेश म्हणजे न गोठवलेली. मग ती बर्फात चार-पाच दिवस पडून का असेना. आपल्याकडे ताजी म्हणजे कल्ले लालभडक, डोळा फुगीर, बोटाने दाबलं तर खळगा न राहणारी. शिवाय ताजी आणि पकडलेली यांचा एकमेकांशी संबंध नाही. नॉर्वेतला समुद्रातल्या पिंजऱ्यात वाढवलेला सामन (सॅमन मासा) न गोठवता विमानाने जगभर जातो, तर भर समुद्रात धरलेला टूना कित्येकदा बोटीवरच गोठवतात. म्हणून ‘फ्रेश’ला ‘न गोठवलेली’च लिहा, वाचकाची फसगत होणार नाही.

प्रतिसाद २: आमच्या मालवणकडे कोळंबी ‘दर्यातली’, ‘खाडीतली’ की ‘तळ्यातली’ हे विचारूनच घेतात. रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची) मासळी, गळाची सुरमई असंही म्हणतात, कारण गळाच्या माशाचं अंग जाळ्यात चेमटत नाही आणि त्याला भाव चढतो. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर गळाने धरलेल्या सी-बासच्या कल्ल्याला ओळखपट्टी अडकवतात, तीही याचसाठी. तेव्हा ‘दर्यातली’ हा शब्द माझ्या मते अस्सल.

प्रश्नकर्ता: ‘दर्यातली’ फार आवडला. पण अलास्काचा सामन? तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो.

प्रतिसाद १: अलास्कात १९९० पासून व्यापारी मत्स्यशेतीला बंदी आहे, त्यामुळे तिथला सामन पिंजऱ्यातला नसतो. पण काही नदीत धरतात, काही समुद्रात. त्याला ‘पकडलेला’ लिहा. बाकी समुद्री मासळीला खुशाल ‘दर्यातली’.