पवनचक्कीचं वर्षाचं उत्पादन कसं काढायचं? मदत हवी आहे

मंडळी, पवनऊर्जा प्रकल्पातून वर्षाला किती वीज मिळेल याचं गणित मांडतोय आणि अडलोय. २ मेगावॉटची पवनचक्की वर्षाचे ८,७६० तास पूर्ण क्षमतेने चालली तर १७,५२० मेगावॉट-तास वीज. पण वारा काही हजेरीपटावर नाही! सेकंदाला ३-४ मीटर वेग आला की निर्मिती सुरू होते, साधारण २५ मीटरच्या वर यंत्र बंद करावं लागतं. त्यात वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली शक्ती आठपट होते, म्हणजे नुसता सरासरी वेग सूत्रात घालून भागणार नाही, बरोबर ना? मग तासागणिक नोंदी लागतील की वायबुल वितरण (वाऱ्याचा कोणता वेग किती वेळ असतो हे सांगणारं सांख्यिकी सूत्र) पुरेल? शिवाय पुढच्या चक्कीमुळे मागचीचा वारा कमी होतो, ती घट कशी धरता? सोडवलेलं उदाहरण असेल तर फारच बरं.