मदत हवी आहे: डबा देणारे भरपूर, मागणारे गप्प
जय ख्रिस्त! आमच्या चर्चच्या मंडळीत आजाऱ्यांना डबा आणि दवाखान्यात सोबत अशी सेवा चालते. द्यायला घरं उत्साहाने पुढे येतात, मागायला कुणीच नाही. कारण उघड आहे. उपासनेत प्रार्थनेची विनंती नावानिशी वाचली की दुपारपर्यंत सगळीकडे! शिवाय पहिल्या दोन दिवशी चार-चार डबे, पाचव्या दिवशी एकही नाही, आणि मधुमेहवाल्यांच्या घरी शिरा.

आता विचार असा: कुलूपबंद पेटी, चिठ्ठीवर फक्त फोन नंबर. उघडणार दोघं, त्यात एक बाई. वारांप्रमाणे 7 घरं, दिवसाला एकच डबा, पथ्य आधी विचारून. 2,000 रुपयांपर्यंत हे दोघं देतील, त्यापुढे पास्टोरेट कमिटी (मंडळीचा कारभार पाहणारी समिती).

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होते अशी कुरकुर झाली, म्हणून सात जण नेमले गेले. म्हणजे आधी कुणीतरी बोललं. आमच्याकडे तिथेच अडतं.

ज्यांच्याकडे हे चालतं त्यांनी सांगा: मदतीच्या हिशोबाच्या वहीत नावाऐवजी क्रमांक लिहिला तर हिशोब तपासताना अडचण येते का? पाळकसाहेबांना नावं कळावीत का? आणि वडीलजनांनीच (मंडळीच्या पुढाऱ्यांनीच) आधी एखादी छोटी मदत मागितली, तर बाकीच्यांची भीड मोडते का?